मांजरांची वहिवाट

माघातल्या एखाद्या रात्री, गावातला शेवटचा कंदील मालवून प्रहर-दीड प्रहर लोटलेला असताना, कामरगावातील आमच्या जुन्या घराच्या धाब्यावरून जो स्वर उठे, तो प्रथमच ऐकणाऱ्या परक्या माणसाला कोणीतरी तान्हे मूल उघड्यावर टाकून गेले असावे असाच भास होई. प्रारंभी घशातल्या घशात घोळणारा, मग हळूहळू चढत जाणारा, आणि शेवटी दोन कंठ एकमेकांत गुंतून फाटावेत तसा चिरकणारा तो आक्रोश कानी आला की मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेत असे, आणि शेजारी निजलेली आजी कूससुद्धा न बदलता म्हणे, ‘झोप बाप्पा, बोके हायेत ते. हद्दीचं भांडन हाये त्यायचं.’

हद्द हा शब्द आजीच्या तोंडी सहज आला, यात नवल नव्हते. शेताच्या धुऱ्याच्या एका वितीपायी ज्या घरातील दोन पिढ्यांनी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, त्या घरातल्या बाईला भांडण म्हटले की हद्द आठवणारच. परंतु पुढे अनेक वर्षांनी, मांजरांच्या वर्तनाविषयी जे काही शास्त्रीय लेखन हाती लागले ते वाचताना, आणि त्याहूनही अधिक, त्याच घराच्या ओट्यावर बसून ती मांजरे तासन्‌तास न्याहाळताना माझ्या ध्यानी आले, की आजीने तो शब्द किती नेमका योजला होता. आणि मांजराची हद्द नेमकी कशी असते हे समजून घ्यायचे, तर वऱ्हाडातल्या गावांनी मांजर कोणत्या नात्याने आपल्यात राहू दिले, त्याचाही इतिहास उलगडून पाहिला पाहिजे.

कामरगाव हे आज वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील गाव. हा कारंज्याकडचा मुलूख जागचा तसूभर न हलता सरकारदप्तरी मात्र पुष्कळ हिंडला आहे. कारंजे ज्या मूर्तिजापूर तालुक्यात मोडत असे तो तालुका १९०५ पर्यंत अमरावती जिल्ह्यात होता, त्या वर्षी तो अकोल्याकडे गेला, आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा निघाला तेव्हा हा भाग त्यात आला. त्याही आधी, १७२४ नंतर निजामाचा अंमल आणि नागपूरकर भोसल्यांचा वसूल ही दोन्ही ओझी एकाच रयतेच्या मानेवर एकाच वेळी असत. त्या व्यवस्थेला वऱ्हाडात ‘दुअमली’ म्हणत, आणि ती १८०३ च्या देवगावच्या तहाने संपली. हे सांगण्याचे कारण असे, की एकाच भूमीवर दोन सत्तांचा अंमल कसा चालतो, हे या मुलखाच्या लोकांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. आणि मांजराची हद्द कळण्यास मला या जुन्या शब्दाइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही झाला नाही.

मांजर माणसाकडे आले ते धान्यामागून. माणूस शेती करू लागला, कोठारे भरू लागला, कोठारांत उंदीर शिरले आणि उंदरांच्या वासावर पश्चिम आशियातील रानमांजर वस्तीच्या कडेला येऊन राहिले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या सांगाड्यानजीक पुरलेले मांजर सापडले आहे, आणि त्या बेटावर मांजर मुळात रहिवासी नसल्यामुळे ते कोणीतरी होडीतून नेले असले पाहिजे हे उघड आहे. गाय, घोडा यांना माणसाने धरून, बांधून, निवडून आपलेसे केले. मांजराच्या बाबतीत तो करार प्रथम मांजराने पुढे केला आणि माणसाने त्यास हरकत घेतली नाही, असेच म्हणावे लागते. आपल्या संस्कृत पूर्वजांनी त्याला मार्जार म्हटले. ‘मृज्’ म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे, या धातूशी ते नाव जोडले जाते, आणि जिभेने पंजा ओला करून कानामागून फिरवणारे मांजर ज्याने पाहिले आहे त्याला त्या व्युत्पत्तीसाठी वेगळा पुरावा नको. मात्र हेच पूर्वज त्याच्याशी फार न्यायाने वागले असे मला वाटत नाही. पंचतंत्रात ससा आणि कपिंजल पक्षी यांच्या तंट्यात न्यायनिवाडा करण्याच्या मिषाने दोघांनाही गिळणारा दधिकर्ण, हितोपदेशात आंधळ्या गिधाडाचा विश्वास संपादून पक्ष्यांची पिले खाणारा दीर्घकर्ण, मनुस्मृतीत दांभिकाला दिलेले ‘बैडालव्रतिक’ हे नाव, आणि महाबलिपुरमच्या सातव्या शतकातील प्रचंड शिलापटावर उभे राहून तप करणारे व पायाशी उंदीर जमवणारे ते मांजर, या साऱ्यांतून ढोंगाचा जो आरोप त्याच्यावर लादला गेला, तो त्याच्या शिकारीच्या पद्धतीचा केलेला गैरसमज आहे. डोळे अर्धवट मिटून निश्चल बसणे ही त्याची नैसर्गिक दबा धरण्याची रीत, ती व्रतही नव्हे आणि कपटही नव्हे. तथापि त्याच मनुस्मृतीने अकराव्या अध्यायात मांजराच्या हत्येस प्रायश्चित्त सांगितले आहे, आणि मांजर मेले तर सोन्याचे मांजर करून काशीला वाहावे लागते, ही धास्ती आमच्या गल्लीतल्या व्रात्यातल्या व्रात्य पोरालाही धोंडा उचलण्यापासून परावृत्त करीत असे.

वऱ्हाडातील जुने घर म्हणजे उंदरांसाठी बांधलेली धर्मशाळाच होती. मातीच्या जाड भिंती, वर धाबे, ज्वारीने भरलेले ढोले आणि कणग्या, जमिनीत खोदलेले पेव, एका बाजूला कुटाराची अंधारी खोली, परसात पऱ्हाट्यांचा आणि तुराट्यांचा पुरुषभर उंचीचा ढीग, हंगामात कापसाने छतापर्यंत भरलेली बैठक, आणि कोनाड्यात लाल बासनात बांधलेली जमिनीची कागदपत्रे. यांतले काहीही उंदराला वर्ज्य नव्हते. कागदाचे भय तर फार मोठे होते. कुळकर्ण्याचे दप्तर असो वा कारंज्याच्या जैन मंदिरांतील ती ग्रंथभांडारे असोत, ज्यांतील हस्तलिखितांची नोंद रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या सूचीत आहे, उंदराचे दात आणि वाळवी यांतून जे वाचले तेवढेच आपल्यापर्यंत आले. अशा घराला मांजर हवेच असे. पण हवे म्हणून कोणी मांजर विकत आणले, दावणीला बांधले, किंवा त्याला आपले म्हणून मिरवले, असे मी कधी पाहिले नाही. गावात नव्या आलेल्या एका मास्तरीणबाईंनी आमच्या ओट्यावर झोपलेल्या करड्या भाटीकडे, म्हणजे मांजरीकडे, बोट दाखवून विचारले होते, ‘कुणाचं हो हे मांजर?’ आणि आजीने उत्तर दिले होते, ‘कोनाचंच नाही, बाई. आपल्याकडं येते.’

‘आपल्याकडं येते’ या दोन शब्दांत वऱ्हाडी गावाने मांजराशी केलेला सारा करारनामा सामावलेला आहे. मालकी कोणाचीच नव्हती; होती ती वहिवाट. सकाळी एका घरी ताकाची वाटी, दुपारी दुसऱ्या घरच्या चुलीमागची राख, संध्याकाळी तिसऱ्याच्या गोठ्यात दूध काढताना धारेखाली उघडलेले तोंड, आणि रात्री चौथ्याच्या कुटारात राखण, अशी त्या भाटीची दिनचर्या ठरलेली असे, आणि कोणत्याही घरधन्याने ती अडवल्याचे मला स्मरत नाही. बलुतेदाराला जसे गावाने मिळून पोसावे आणि त्याने गावाचे काम करावे, तसेच काहीसे हे होते. फरक एवढाच, की मांजराच्या हक्काची सनद कोणी लिहिली नव्हती आणि त्याचे काम त्याला कोणी सांगितले नव्हते.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आल्यावर, १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथील जमिनींची मोजणी सुरू झाली. साखळी फिरली, हद्दीचे दगड रोवले गेले, आणि प्रत्येक धुऱ्याला कागदावर रेषेचे रूप मिळाले. आमच्या घरच्या तंट्याचे बीज त्याच रेषेत होते, असे वडील म्हणत. कारण पूर्वी धुऱ्यावरची बाभळ दोघांची होती आणि मोजणीनंतर ती एकाची झाली. मांजराच्या जगात अशी रेषा नाही, आणि हे समजायला मला फार वेळ लागला. त्याची हद्द वाटांची असते. घराभोवतीचा थोडा भाग तेवढा त्याचा खास. त्यापलीकडे ठराविक पायवाटा, बसायच्या ठराविक जागा, उन्हाचे एक ठिकाण, शिकारीचे एक, पाण्याचे एक, आणि या ठिकाणांच्या मध्ये जी जमीन पडते तिच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते.

आमच्या परसाला दगडी भिंत आहे, आणि तिच्या कोपऱ्यावर मोडलेल्या जात्याची एक पेड कधीकाळी कोणी ठेवून दिली ती तशीच राहिली. या पेडीवर मांजरांचे सगळे दप्तर आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. भाटी पहाटे भिंतीवरून येते, पेडीशी थांबते, मान लांब करून तिच्या कडेचा वास घेते, तोंड किंचित उघडे ठेवून, वरचा ओठ मागे ओढून क्षणभर स्तब्ध होते, जणू जिभेने हवा चाखते आहे; मग गालाची बाजू त्या कडेवर घासते, हनुवटी घासते, आणि पुढे जाते. गाल, हनुवटी, कपाळ, शेपटीचे मूळ आणि पंजांचे तळवे येथे मांजराला सूक्ष्म गंधग्रंथी असतात, आणि ते घासणे म्हणजे आपली सही करणे होय. बोका आला की तो पेडीकडे पाठ करतो, शेपूट उभी ताठ करतो, ती वरच्या टोकाशी थरथरते, आणि मागच्या मागे मूत्राची बारीक पिचकारी दगडावर उडवतो. त्या उग्र दर्पाचे मूळ फेलिनिन नावाच्या द्रव्यात आहे. ते मांजराच्या मूत्रात १९५३ साली ओळखले गेले, आणि पूर्ण वाढलेल्या, खच्ची न केलेल्या बोक्यात त्याचे प्रमाण सर्वांत अधिक असते. कडुनिंबाच्या बुंध्यावरचे नखांचे उभे ओरखडे ही तिसरी नोंद. या तिन्हींतून पाठोपाठ येणाऱ्याला कळते, की येथून कोण गेला, नर की मादी, ओळखीचा की परका, आणि मुख्य म्हणजे किती वेळापूर्वी.

या ‘किती वेळापूर्वी’ला फार महत्त्व आहे. पॉल लायहाउझेन या जर्मन प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यास मांजरांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात त्याला असे आढळले की शेजारपाजारची मांजरे एकच वाट निरनिराळ्या वेळी वापरतात. एकीचा प्रहर सकाळचा तर दुसरीचा सायंकाळचा, आणि दोन वाटा जेथे मिळतात तेथे समोरून दुसरे येताना दिसले तर दोघेही खाली बसून, एकमेकांकडे न पाहिल्यासारखे करीत, आधी कोण जातो याची वाट पाहत राहतात. भोसले आणि निजाम यांची दुअमली रयतेच्या हालांवर चालली. मांजरांची दुअमली कोणालाच भारभूत होत नाही, कारण तेथे भूमीची वाटणी करण्याऐवजी काळाची वाटणी केलेली असते. लायहाउझेननेच आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, तिच्यावर माझा फार दिवस विश्वास बसत नव्हता: रात्री कधीकधी आसपासची मांजरे, नर आणि माद्या, आपापल्या हद्दींच्या कडेच्या एखाद्या जागी येऊन, एकमेकांपासून थोड्या अंतरावर, भांडणतंटा न करता नुसती बसून राहतात, आणि मग पांगतात. एका चांदण्या रात्री मारुतीच्या पाराजवळ अशी पाच मांजरे बसलेली मी स्वतः पाहिली आणि ती गोष्ट पटली. ती तेथे कशासाठी जमली होती, हे मी सांगू शकत नाही. पण गावकीची बैठक पाहिल्यासारखे मला वाटले खरे.

तर मग ती माघातली रात्र, तो आक्रोश कशाचा? येथे भाटी आणि बोका यांच्या हद्दीतला भेद लक्षात घ्यावा लागतो. भाटीची हद्द अन्न आणि पिलांसाठी निवारा यांच्याभोवती बेतलेली, म्हणून लहान. आणि जेथे अन्न पुष्कळ तेथे आई, मुली, मावश्या जवळजवळ राहतात, एकमेकींच्या पिलांना पाजतातसुद्धा. बोक्याची हद्द माद्यांच्या वस्तीवर बेतलेली. स्वीडनमधील ओलोफ लिबर्ग याने खेड्यांतल्या मांजरांचा जो अभ्यास केला, त्यात बोक्याचा फेरा भाटीच्या फेऱ्याच्या तीनपट किंवा त्याहूनही मोठा आढळला. आणि वयात आलेला तरुण बोका जन्मघर सोडून निघतो, हेही त्यातून स्पष्ट झाले. म्हणजे आमच्या गावच्या भाषेत सांगायचे तर मुलगी माहेरीच नांदते आणि मुलगा परागंदा होतो. दोन-तीन वर्षांचा होईतो असा परागंदा बोका कोठल्या तरी गल्लीच्या कडेकडेने, थोरांच्या नजरा चुकवीत दिवस काढतो. आणि मग एखाद्या माघात, जुन्या बोक्याच्या कानाच्या चिंध्या झालेल्या आहेत आणि चाल मंदावली आहे असे पाहून, भिंतीवर त्याच्यासमोर उभा राहतो.

ते भांडण मी अनेकदा जवळून पाहिले आहे. त्यात मारामारी थोडी आणि उभे राहणे फार. दोघे समोरासमोर, पाठी कमानदार, केस फुललेले, कान आडवे. एखादे पाऊल इतके सावकाश उचलले जाते की ते उचलले केव्हा आणि टेकले केव्हा ते कळत नाही. आणि हे सारे चालू असताना तो चढत जाणारा स्वर. पुष्कळ वेळा एकजण, अगदी हळूहळू, पाठ न दाखवता, तिरका तिरका निघून जातो. तो धावला तर पाठलाग होईल, म्हणून तो धावत नाही. आणि जिंकणाराही त्याला तसे जाऊ देतो. कधी मात्र सीमा ओलांडली जाते आणि मग दोन्ही देह एकच गोळा होऊन भिंतीवरून खाली येतात, केसांचे पुंजके पऱ्हाट्यांवर उडतात, आणि सकाळी एखादा बोका लंगडत, डोळ्याखालची जखम चाटता न आल्यामुळे पंजाने पुसत, कुटाराच्या खोलीत जाऊन पडतो.

दिवस मोठा होऊ लागला की भाटी माजावर येते. संक्रांतीनंतर दिवस वाढतो तसतसा तिच्या शरीरातील ऋतुचक्राला चालना मिळते. थंड देशांत हा हंगाम फार काटेकोर असतो, पण आपल्याकडे सर्वांत लहान दिवसही अकरा तासांच्या घरात असल्यामुळे तो तितका बांधील राहत नाही, आणि वर्षातून दोनदा, क्वचित तीनदाही भाटी वितात. माजावरची भाटी जमिनीवर लोळते, उंबऱ्याला, खांबाला, माणसाच्या पायाला अंग घासते, पुढचा भाग टेकून मागचा उचलते, आणि तिची हाक चार गल्ल्यांपलीकडे जाते. बोके जमतात. येथे एक लोकभ्रम दूर केला पाहिजे: भांडणात जो जिंकला त्यालाच भाटी मिळते, असे सर्रास समजले जाते, पण तसे बंधन तिच्यावर नाही. ती बसून पाहते, जवळ येणाऱ्याला फटकारते, ज्याला येऊ द्यायचे त्याला येऊ देते, आणि एकाच माजात अनेक बोक्यांचा स्वीकार करते. बोका तिची मान मागून दातांत धरतो, समागम क्षणमात्राचा, आणि तो संपताच ती किंकाळी फोडून उलटून त्याच्यावर पंजा उगारते. ती किंकाळी वेदनेची खरी, कारण बोक्याच्या इंद्रियावर मागे वळलेले बारीक काटे असतात. परंतु ती वेदना निरर्थक नाही. गायी-म्हशींप्रमाणे भाटीचे बीज आपोआप सुटत नाही, समागमाच्या त्या चेतनेनेच ते सुमारे दीड दिवसाने सुटते, आणि समागम झालाच नाही तर दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा माजावर येते. एकाच वेतातल्या पिलांचे बाप निरनिराळे असू शकतात; एक करडे, एक काळे, एक पांढरट पिवळे असे वेत पाहून गल्लीतल्या बायका ज्या बोक्यांची नावे घेत, त्यात केवळ थट्टा नव्हती, निरीक्षण होते.

साधारण नऊ आठवड्यांनी भाटी विते. पऱ्हाट्यांचा ढीग, कुटार, माळ्यावरची जुनी गोधडी, जेथे अंधार आणि ऊब असेल तेथे. आणि मग ती पिले हलवते. ‘मांजर पिलांना सात घरं दाखवते’ ही म्हण महाराष्ट्रभर आहे. आमच्याकडे तर कितवे घर चालू आहे याची बायका मोजदाद ठेवत, आणि मानेला धरून पिलू नेणारी भाटी अंगणातून चालली की चूल सोडून उभे राहत, तिला वाट देत. ती पिले का हलवते? पिले वाढली की जुनी जागा पुरत नाही, घाण होते, पिसवा होतात, कुत्र्याला वास लागतो. आणि बोका पिले मारतो, अशीही धास्ती आमच्याकडे होती. बोक्याने पिले मारल्याची उदाहरणे अभ्यासकांनी नोंदवली आहेत, पण ते रोजचे नव्हे. अनेक बोक्यांशी तिचा संबंध आलेला असतो, त्यामुळे हे पिलू आपले नाही असे कोणत्याही बोक्याला ठामपणे म्हणता येत नाही, आणि त्यातूनच पिलांना थोडे अभय मिळत असावे, असा काहींचा तर्क आहे. सात या आकड्यास शास्त्राचा आधार नाही, हे मी मान्य करतो. पण सात घरांनी मिळून एक मांजर पोसायचे ही जी चाल होती, तिच्या दृष्टीने तो आकडा मला फार अर्थपूर्ण वाटतो, कारण पिलांची जन्मतःच त्या सात घरांच्या दप्तरी नोंद होऊन जात असे.

आता ज्या प्रकरणासाठी मी हे लिहावयास घेतले त्याकडे येतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ताप दिसू लागला. प्लेगाचा जंतू यर्सिनने दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये शोधला होता, हाफकिनची लस १८९७ च्या जानेवारीत सिद्ध झाली, आणि उंदरावरची पिसू हा रोग पसरवते हे सिमाँ याने १८९८ साली कराचीत दाखवून दिले. परंतु सरकारी खात्यांना ते पुरते पटेपर्यंत बरीच वर्षे गेली, आणि तोवर रेल्वेने, कापसाच्या गाठींबरोबर, धान्याच्या पोत्यांबरोबर प्लेग वऱ्हाडात पोहोचला होता. त्या काळी अमरावतीस लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन हे सिव्हिल सर्जन होते. त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली: त्यांनी गावोगावच्या मांजरांची गणती केली. कोणत्या गावात किती घरे, त्यांपैकी किती घरांत मांजर, आणि कोणत्या गावात प्लेग आला, हे ताडून पाहिल्यावर त्यांचा असा निष्कर्ष झाला, की जेथे मांजरे पुष्कळ ती गावे प्लेगापासून बहुतांशी वाचली. आणि ‘मांजरे ही प्लेगनिवारक’ असे आपले प्रतिपादन त्यांनी १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडले. क्षयाचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉखनेही त्याच सुमारास मांजरे पाळण्याचा पुरस्कार केला.

माझ्या वऱ्हाडातील एका सरकारी दवाखान्याच्या डॉक्टराने गावातली मांजरे मोजावीत आणि ती गणना लंडनच्या नियतकालिकात छापून यावी, ही गोष्ट मला आजही हेलावून टाकते. ज्या प्राण्याची सनद कोणी लिहिली नाही, ज्याचा कोठल्याही जमाबंदीत उल्लेख नाही, त्याची नोंद एकदा तरी झाली. मात्र ब्यूकॅननसाहेबांच्या युक्तिवादातली उणीवही सांगितली पाहिजे. मांजर उंदीर मारते, पण प्लेगाने मेलेला उंदीर खाऊन किंवा त्याच्यावरची पिसू चावून मांजरालाही प्लेग होतो, आणि ते त्या रोगाला फार लवकर बळी पडते, हे आता निश्चित झाले आहे. गाव वाचले ते मांजरांमुळे, की ज्या गावात उंदीर मुळात कमी मेले तेथे मांजरेही जगली, हे नुसत्या गणतीवरून ठरवता येत नाही. माझा स्वतःचा कल असा, की साथ येण्यापूर्वीच मांजरांनी घराघरांतील उंदरांची संख्या दाबून धरली असेल तर तेवढा लाभ खरा. साथ घरात शिरल्यावर मांजराचा उपयोग नाही.

आणि या साऱ्यात हद्दीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. मांजरे वाढवा म्हणणे सोपे. पण मांजर हुकमाने वाढत नाही आणि हुकमाने पसरत नाही. एका गल्लीत भाटीला अन्न आणि निवारा जितका, तितक्याच भाटी तेथे राहतील. परके मांजर पोत्यात घालून दुसऱ्या गावी सोडले, तर तेथल्या मांजरांच्या दप्तरी त्याची नोंद नसल्यामुळे ते एक तर हाकलले जाते किंवा रातोरात आपल्या मूळ घराची दिशा धरते. उंदरांचे पिंजरे सरकारने वाटले; मांजरे वाटता आली नसती.

प्लेगाच्या दिवसांत लोक गाव सोडून शेतांत पऱ्हाट्यांच्या झोपड्या घालून राहत. आजीच्या सासूने ते दिवस पाहिले होते, आणि तिने आजीला सांगितलेले आजीने मला सांगितले: सगळे गाव उठले, दारांना कुलपे लागली, भांडीकुंडी, ढोरे, कुत्रीसुद्धा माणसांमागे शेतात गेली, मांजरे मात्र गेली नाहीत. एक-दोघींनी टोपलीत घालून नेली, ती तिसऱ्या दिवशी गावात परत. दोन महिन्यांनी पहिला माणूस घर उघडायला आला, तेव्हा धाब्यावर भाटी बसलेली होती. ‘कुत्रं मानसाले, मांजर घराले,’ असे आजी म्हणे, आणि त्यात तिच्या स्वरात तक्रार नसे. ज्या गोष्टीला लोक मांजराचा कृतघ्नपणा समजतात ती त्याची निष्ठाच आहे. फक्त ती वाटांशी, भिंतींशी, त्या पेडीवरच्या वासांशी आहे.

आज कामरगावात धाब्याची घरे थोडी उरली आहेत. ढोले गेले, पेवे बुजवली, ज्वारीच्या जागी सोयाबीन आले आणि ते शेतातून थेट बाजारात जाते. गॅस आल्यापासून पऱ्हाट्यांचे ढीगही ओसरले. उंदरांना आता विष घालतात, आणि विष खाल्लेला उंदीर मांजराच्या पोटात गेला की मांजरही जाते; गेल्या चार वर्षांत अशा दोन भाटी मी स्वतः परसात पुरल्या. सिमेंटच्या घरांना दारे घट्ट बसतात, आणि सात घरांपैकी पाच घरे मांजराला बंद झाली आहेत. बोके अजून आहेत, पण त्यांचा फेरा वाढला आहे, कारण भाटी विखुरल्या. आणि फेरा वाढला म्हणून आता त्यांना डांबरी रस्ता ओलांडावा लागतो.

आमच्या परसाची भिंत गेल्या वर्षी दुरुस्त करायची होती. गवंड्याने कोपऱ्यावरची ती जात्याची पेड उचलून बाजूला टाकली होती. संध्याकाळी मी ती परत जागेवर ठेवायला लावली. ‘कायले?’ त्याने विचारले. मी त्याला काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता करडी भाटी भिंतीवरून आली, ओल्या चुन्याच्या कडेने जपून पाय टाकीत पेडीपाशी थांबली, बराच वेळ वास घेत राहिली, आणि मग हनुवटी तिच्या कडेवर घासून शेजारच्यांच्या टिनावर उतरली.